वेळ आहे हो, सलग वेळ नाही

खर्जाची_तार

दसऱ्याची साफसफाई चालली होती. कपाटामागची जळमटं काढताना तंबोरा हाताला लागला. लागला म्हणजे काय, तो तिथे उभा आहे हे मला पक्कं माहीत होतं. त्याच्याकडे न बघण्याची सवय लावून घेतली होती, इतकंच. गवसणी काढली. भोपळ्यावर युनिकॉर्नचे दोन स्टिकर (हे कधी झालं?), खर्जाची पितळी तार काळी पडलेली, जोडीतली एक तुटून वेटोळी झालेली. उरलेल्या दोन तारा छेडल्या तर जवारी, म्हणजे तारेची ती गुंजणारी झार, नावाचा प्रकारच उरलेला नाही. पत्र्याच्या डब्यावर नख मारावं तसा आवाज.

थोडी पार्श्वभूमी. माहेर सांगली, गाणं वयाच्या आठव्या वर्षापासून. गांधर्व मंडळाच्या परीक्षा देत देत विशारद झाले, पुढची चारपाच वर्षं छोट्या बैठका, गणेशोत्सव, कुणाच्या तरी घरी कोजागिरी असं चालू होतं. मोठी गायिका होणार नव्हते, हे मलाही ठाऊक होतं आणि गुरुजींनाही. पण गात होते. आता लेक सहा वर्षांची, लेक म्हणजे मुलगी, मुलगा अडीच. पुण्यात राहतो, मी घरून अकाउंट्सचं काम करते, साबा (सासूबाई) आमच्याकडेच असतात.

या विषयावर कुठेही तोंड उघडलं की पहिलं उत्तर येतं, 'वेळ काढावा लागतो गं'. म्हणून मी एक उद्योग केला. आठवडाभर फोनमध्ये नोंद ठेवली, की दिवसात माझा असा वेळ किती. सकाळी डबे गेल्यावर १५ मिनिटं. भाजी शिजेपर्यंत ८. मुलगा झोपल्यापासून लेकीची रिक्षा येईपर्यंत २५. रात्री दहानंतर ४०. बेरीज जवळजवळ दीड तास! चांगली घसघशीत आहे की नाही?

पण राग बेरजेने लागत नाही. खरा तंबोरा जुळवायलाच मला दहा-पंधरा मिनिटं लागायची, त्यानंतर तेवढीच आवाज उघडायला. म्हणजे २५ मिनिटांच्या तुकड्यात मी फक्त दाराशी पोचते आणि परत फिरते. रात्रीच्या ४० मिनिटांत घर झोपलेलं, भिंतीपलीकडे शेजारी झोपलेले. तेव्हा काय गाणार, अंगाई?

मागच्या महिन्यात ॲपवरचा तंबोरा लावून बसले होते. यमन. पंधरा वर्षांत पहिल्यांदा घेतल्यासारखी हळूहळू वर जात होते, निषादावर येऊन थांबले. तो निषाद असा असतो की पुढचा षड्ज समोर दिसत असतो आणि आपण मुद्दाम जात नाही. तेवढ्यात दाराबाहेरून, 'आईऽऽ, शी झालीऽऽ.' तो षड्ज अजून लागायचाच आहे.

तर माझं म्हणणं एवढंच, की आईकडे वेळ नसतो हे अर्धवट बोलणं आहे. सुटे पैसे खूप असतात, नोट नसते. तुम्ही काय करता? चित्र, लिखाण, नाटक, शिवण, काहीही. 'इच्छा असली की जमतं' वाल्यांनी कृपया शेजारच्या धाग्यावर जावं, तिथे उपवासाच्या पाककृती चालू आहेत.

---

मृगाचा_किडा

शीऽऽ झाली 😂 मैत्रिणी, आमच्याकडे 'आई, दादाने नाकात शेंगदाणा घातला'. बाकी सवडीने लिहिते. (म्हणजे कधीच नाही.)

---

वऱ्हाडी_ठेचा

छान लिहिलंस. मी अकोल्याची, सध्या मुक्काम नागपूर. जलरंगवाली. लग्नाआधी दोन प्रदर्शनं झाली, दोन्ही ग्रुपमध्ये.

तुझा निषाद तसा माझा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा ओला थर. जलरंगात आकाशाचा वॉश घातला की कागद ओला असेपर्यंतच खेळ असतो. आमच्या इथं उन्हाळ्यात तर पाचसात मिनिटांत वाळतो बाप्पा. त्यात पोरगं रडलं, उठून गेलं, परत येऊन अर्धवट वाळलेल्यात ब्रश लावला की रंग कडेला ढकलल्या जातो आणि फुलकोबीसारखा डाग उठतो. तीनशे जीएसएमचा कागद वाया. असे अकरा कागद मी एका वर्षात वाया घालवले, आणि प्रत्येक वेळी पोरावर ओरडले. काहून? त्याचा काय दोष?

मग मी माध्यम बदललं. जलरंग माळ्यावर, हाती काळं पेन. रेघ कुठंही थांबवता येते. दाराच्या चौकटीची अर्धी रेघ सोमवारी, अर्धी गुरुवारी, कागदाला काही फरक पडत नाही. वही पोळपाटाशेजारी ठेवते. कुकरच्या तीन शिट्ट्यांत एक खिडकी होते. वर्षभरात आमच्या वाड्यातली सगळी दारं-खिडक्या काढून झाल्या. आता वही पाहून लोक म्हणतात ही तुझी शैली. शैली कायची, ती तर शिट्ट्यांची मापं आहेत!

सांगायचं हे, की तुकड्यातही काम होते, फक्त तुकड्यात बसेल असं काम शोधा. आपल्या आज्या-पणज्यांनी हेच केलं. खानदेशातल्या बहिणाबाई घरोटावर (जात्यावर), शेतात काम करता करताच रचत होत्या की.

---

धा_धिं_ना

पुरुष आयडी आहे, चालेल ना?

तबला वाजवतो. नोकरी आयटीत. बायको मातीची भांडी करायची, चाकावर. आम्हाला मुलगी झाली त्याला चार वर्षं झाली. धागा वाचून उठलो आणि जुनी डायरी पाहिली. माझा मंगळवार-शुक्रवारचा क्लास या चार वर्षांत बुडाला तो एकूण नऊ वेळा, त्यातले चार माझ्या तापामुळे. तिचं चाक गॅलरीत आहे, त्यावर कपडे वाळत घालायचा स्टँड ठेवलाय.

वाईट हे वाटलं, की हे असं करायचं म्हणून कुणीच ठरवलं नव्हतं. भांडण झालं नाही, चर्चा झाली नाही. माझा क्लास 'ठरलेला' होता आणि तिचं काम 'घरातच' होतं, एवढाच फरक.

---

मृगाचा_किडा

@धा_धिं_ना, स्टँड आजच हलवा. मग लिहा.

---

घरोटी

वऱ्हाडीताई, तुमची वही बघायला आवडेल. पण आज्यांचं उदाहरण मला थोडं उलट दिसतं, म्हणून लिहिते. लांबेल.

बहिणाबाईंचं आधी. त्या रचत होत्या हे खरं, पण लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावाने ते उतरून घेतलं म्हणून आपल्यापर्यंत आलं. १९५१ साली त्या गेल्या आणि पुस्तक १९५२ साली निघालं. म्हणजे निर्मिती तुकड्यात झाली असेल, पण टिकली ती घरातल्या कुणीतरी कान दिला म्हणून. किती घरांत असा कान नव्हता, याचा हिशेब कोण देणार?

आता जातं. माझी आजी मुळशीकडची. पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाच्या वर आहेत त्या. 'परी' या संकेतस्थळावर त्यांतल्या पुष्कळ ऐकायला मिळतात. मी ऐकायला लागले आणि आजीला विचारत बसले, तुला येतात का. तिला येत होत्या. आणि बोलता बोलता तिने जे सांगितलं, त्याने माझी समजूत पार उलटी झाली.

मला वाटायचं, ओवी म्हणजे तुकड्यात बसणारं काव्य. दोन ओळी, घास टाकला, ओवी म्हटली, संपलं. तर आजी म्हणाली, छे गं. पहाटे चारला दोघी जावा समोरासमोर बसायच्या, उजाडेपर्यंत. दोन तास तरी. पोर मांडीवर पाय टाकून झोपलेलं. त्या वेळात कुणी हाक मारायची नाही. सासूसुद्धा नाही. कारण पीठ झालं नाही तर घराला भाकर नाही. म्हणजे तिचा तो अख्ख्या दिवसातला एकमेव सलग वेळ होता! एका ओवीवरून दुसरी, भावावरून लेकीवर, लेकीवरून सासरच्या गाऱ्हाण्यावर, असं ते चढत जायचं.

मग गावात गिरणी आली. आजीचे शब्द: 'पाठ सुटली, पण गळा बसला.' कष्ट वाचले त्याचा आनंदच आहे, तिच्या तळहाताचे घट्टे मी पाहिलेत, उगाच जात्याचे गोडवे गाणार नाही. पण गिरणीने वाचवलेले दोन तास आजीला मिळाले का? नाही. ते धुण्यात, शेणात, कोंबड्यांत गेले. मोकळा झालेला वेळ बाईच्या नावावर जमा होत नसतो.

---

खर्जाची_तार

@घरोटी, हे वाचून मी मोबाइल खाली ठेवला आणि गॅलरीत जाऊन आले. 'त्या वेळात कुणी हाक मारायची नाही'. हेच! माझ्या गाण्यातून पीठ पडत नाही, हा खरा प्रॉब्लेम आहे.

@वऱ्हाडी_ठेचा, तुझी युक्ती मस्त आहे आणि मी प्रयत्न केला. पलटे, अलंकार, सरगम हे तुकड्यात होतं. भांडी घासताना पलटे म्हणते, मुलाला वाटतं मी त्याला हसवतेय. पण ख्याल नाही होत. तू माध्यम बदललंस, मला बदलायचं नाही. हट्ट म्हण.

---

वऱ्हाडी_ठेचा

हट्ट नाही. खरं सांगू? मलाही जलरंगाची आठवण येते. रात्री येते. घरोटीताईंचं वाचून रडू आलं, म्हटलं आपणच आपली समजूत काढून राहिलो होतो.

---

तिरकस_वाचक

प्रतिसाद वाचले. गाणं, जलरंग, चाक, सगळं उत्तम. पण हा सगळा घरी कामाला बाई असणाऱ्यांचा प्रश्न आहे असं कुणालाच वाटत नाही का? जी तुमच्याकडे भांडी घासते तिला दोन मुलं असतील. तिच्या 'क्रिएटिव्हिटी'चं काय? तिने धागा कुठे काढायचा?

---

मृगाचा_किडा

आले का तुम्ही. वाटच बघत होते.

---

खर्जाची_तार

@तिरकस_वाचक, प्रश्न रास्त आहे, सूर सोडून द्या. आणि गंमत म्हणजे उत्तर माझ्याच घरात आहे.

आमच्या मावशी तीन घरं करतात. दोन मुलं, एक नातू. त्या भजनी मंडळात आहेत. टाळ तर आहेच, पण चाल त्या लावतात, बाकीच्या बायका मागून म्हणतात. आवाज खणखणीत, पट्टी माझ्याहून वरची. दर एकादशीला संध्याकाळी येत नाहीत. विचारत नाहीत, सांगतात. 'ताई, उद्या एकादस.' झालं. पाच वर्षांत मी एकदाही 'उद्या नका जाऊ' म्हटलेलं नाही, माझ्याकडे पाहुणे असले तरी. त्यांचा नवरा, जो एरवी चहाचा कपसुद्धा उचलत नाही, तोही एकादशीला भात लावतो.

म्हणजे देवाच्या नावावर मागितलेल्या वेळेला कुणी हात लावत नाही. गाणं तेच, टाळ तोच, बाई तीच. नुसतं 'मला गायचंय' म्हटलं असतं तर?

मावशींना हे विचारलं. पोछा पिळता पिळता म्हणाल्या, 'तुमी बी घ्या की एक वार धरून.'

---

मृगाचा_किडा

मावशींना माझा साष्टांग. अगं मार्गशीर्ष जवळ आलाय! साबांना सांग गुरुवारचं व्रत धरलंय. घट मांडते म्हण आणि दार लावून यमन गा. लक्ष्मीला कल्याण थाट चालतो असं कुठेतरी वाचल्यासारखं वाटतंय. (कुठेही नाही.)

---

सुरंगी

हसून हसून पोट दुखलं. मी फोंड्याची. आमच्या गोव्यात गाणाऱ्या बायांचा विषय निघाला की मोगूबाई कुर्डीकरांचं नाव येणारच, म्हणून मीच आधी काढते. १९०४ चा जन्म, कुर्डी गावचा. ते गाव पुढे साळावली धरणाखाली गेलं. मे महिन्यात पाणी उतरलं की देवळाचे अवशेष वर येतात, माणसं बघायला जातात. नवरा लवकर गेला, तीन मुलं पदरात, मुंबईत खोल्या बदलत राहिल्या आणि अल्लादिया खाँसाहेबांकडची तालीम धरून ठेवली. १९७४ साली पद्मभूषण. थोरली लेक किशोरीताई आमोणकर, पुढचं सगळ्यांना ठाऊकच आहे.

आता माझा राग. ही गोष्ट मला लहानपणापासून सांगितली गेली आणि बाळंतपणानंतर माझं हार्मोनियम सुटलं तेव्हा काठीसारखी माझ्या पाठीत घातली गेली. 'मोगूबाईंनी तीन पोरं घेऊन केलं, तुझं एक आहे.' अरे, पण त्यांना किती सोसावं लागलं ते बघा ना! त्या घरात गाणं हेच पीठ होतं, त्यावर चूल पेटायची. त्यांना गाणं सोडायची मुभाच नव्हती, आणि मला धरायची नाही. दोन वेगळ्या गोष्टी. थोरांची उदाहरणं देणाऱ्यांना मी आता विचारते, बरं, मग आज संध्याकाळी भात कोण लावणार?

---

पाटी_पेन्सिल

मी फिजिओथेरपिस्ट. गाण्यातलं कळत नाही, पण धागाकर्तीने आवाजाबद्दल काही लिहिलेलं नाही म्हणून विचारते. श्वास पुरतो का?

---

खर्जाची_तार

नाही. बरोबर ओळखलंत. पूर्वी काळी पाच पट्टीवर आरामात गायचे, आता काळी चारवरही तार षड्जाला दमते. लांब आलाप अर्ध्यात तुटतो. दोन्ही सिझेरियन. मला वाटलं सवय गेली.

---

पाटी_पेन्सिल

सवय गेली हेही असेल, पण फक्त तेवढंच असेल असं धरू नका. गरोदरपणात पोटाचे पुढचे दोन उभे स्नायू मधोमध एकमेकांपासून दूर होतात. बहुतेकींचे हळूहळू जवळ येतात, काहींचे वर्षानुवर्षं तसेच राहतात. गाताना सावकाश सोडायचा श्वास धरून ठेवतं ते पोटच. पाठीवर झोपा, गुडघे दुमडा, डोकं किंचित उचला आणि बेंबीच्या वर-खाली बोटं आडवी ठेवून पाहा. दोन बोटांहून रुंद खाच लागली तर कुणा फिजिओला दाखवा. तोवर यूट्यूब बघून क्रंचेस मारू नका, त्याने काहींचं बिघडतं. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम वेगळे, तेही शिकूनच घ्या.

आणि एक. आवाज जड किंवा घोगरा वाटत असेल, सोबत थकवा, केस गळणं असेल, तर टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करून घ्या. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडणं काही दुर्मिळ नाही आणि त्याने आवाजही बदलतो. बायका वर्षभर स्वतःला आळशी म्हणत बसतात आणि रिपोर्ट वेगळंच सांगतो.

---

खर्जाची_तार

खाच आहे. अडीच बोटं. आत्ता स्वयंपाकघरात आडवी होऊन पाहिली, मुलगा येऊन पोटावर बसला. अपॉइंटमेंट घेतेय. सहा वर्षं मी स्वतःला 'रियाज न करणारी' म्हणत होते.

---

आजीचा_चष्मा

मुलींनो, मी ७१ वर्षांची आहे. नातवाने हा आयडी काढून दिला. टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

मी लग्नाआधी आणि नंतर थोडी वर्षं आकाशवाणीसाठी श्रुतिका लिहीत असे. 'वनिता मंडळ'मध्ये माझ्या काही झाल्या. मानधनाचा चेक यायचा तो सासरे हसून सगळ्यांना दाखवायचे. घरात कुणाचा विरोध नव्हता, हे मुद्दाम सांगते. दुसऱ्या मुलाच्या वेळी मी ठरवलं, मुलं जरा मोठी झाली की लिहीन.

मुलं मोठी झाली. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या, सात वर्षं. मग थोरल्याची दहावी-बारावी. मग सून नोकरीवाली, नातू माझ्याकडे. मला कुणी कोंडून ठेवलं नव्हतं. मी रोज 'उद्या'च म्हणत होते.

एक गोष्ट मात्र सुटली नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाचा हिशेब लिहायची, त्याच चौकटीत खाली बारीक अक्षरात एखादं वाक्य टाकायची. 'दूध १॥. जिन्यातली बाई आज कुणाशीच बोलली नाही.' 'दूध १. पाहुणे. खोटं हसणं चहाच्या कपात बुडवून.' अशी. श्रुतिकेत पुढे वापरू म्हणून. कॅलेंडरं मी रद्दीत दिली नाहीत, ह्यांना वाटायचं हिशेबासाठी ठेवते.

६३ व्या वर्षी डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि मी ती सगळी काढून बसले. वाक्यं शेकड्यांनी आहेत. पण बाई कोण, जिन्यात का उभी होती, तिचं पुढे काय होणार होतं, यातलं काही आठवत नाही. बी आहे, पण उगवण्याचा हंगाम गेला. आता रोज सकाळी दोन तास लिहिते, नवीनच लिहिते. जुन्यातलं एकही वाक्य वापरता आलं नाही.

तुमच्यापैकी कुणाला घाबरवायचं नाही. पण 'मुलं मोठी झाली की' यावर विसंबू नका.

---

धा_धिं_ना

आजी, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही. स्टँड हलवलाय, दोन दिवसांपूर्वीच. चाक गंजलंय. आणि माझा शुक्रवारचा क्लास मी शनिवार सकाळी नेलाय, शुक्रवार संध्याकाळ तिची. हे लिहून कौतुक नकोय, मृगाचा_किडाने विचारलं होतं म्हणून कळवलं.

---

परसातली_जुई

न्यू जर्सीहून. इथे मावशी नाहीत आणि आजी आली तरी सहा महिन्यांनी परत जाते. मंडळाच्या गणपतीचं नाटक बसवतोय, तालीम रात्री साडेनऊला झूमवर, सगळ्यांची पोरं झोपल्यावर. दिग्दर्शिकेचा नियम: तालमीत कुणाचं मूल उठलं तर ती आई जाईल, पण तिचे संवाद दुसरी वाचेल, तालीम थांबणार नाही. ऐकायला कठोर, पण त्यामुळे कुणालाच 'माझ्यामुळे खोळंबा' वाटत नाही. आणखी एक, आम्ही चौघी आळीपाळीने शनिवारी चौघींची मुलं सांभाळतो. महिन्यात एक शनिवार सहा पोरं अंगावर, तीन शनिवार मोकळे. तो मोकळा शनिवार पहिल्या दोन महिन्यांत मी झोपून काढला. तेही चालतं.

---

तंतुवाद्य

तंबोऱ्याबद्दल कुणीच बोलत नाहीये म्हणून. ताई, तारा बदलून भागणार नाही. घोडीवर (भोपळ्यावरची पट्टी, जिच्यावर तारा टेकतात) तारेखाली दोरा सरकवून पाहिलात का? तरीही पत्र्यासारखाच वाजत असेल तर घोडीचा माथा झिजलाय, जवारी नव्याने काढावी लागेल. ते घरी कानशीने करायच्या फंदात पडू नका, एक घासा जास्त झाला की घोडीच बदलावी लागते. तुम्ही सांगलीच्या, मिरज तुमच्या अंगणात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला जीआय मिळालं ते उगाच नाही. पावसाळ्यात भोपळा भिंतीला टेकवून ठेवला असेल तर तडा गेलाय का तेही बघून घ्या. स्टिकर खरवडू नका, पॉलिश निघेल. खोबरेल तेल लावून रात्रभर ठेवा.

---

खर्जाची_तार

धागा वर काढतेय. तीन आठवडे झाले, बरंच काही झालं.

तंबोरा भावाने येऊन मिरजेला नेला. फिजिओ सुरू आहे. टीएसएच नॉर्मल.

घरी विषय काढला. नवरा लगेच हो म्हणाला, इतक्या लगेच की मला राग आला. इतकं सोपं होतं तर सहा वर्षं हा होता कुठे? (त्याचं म्हणणं: 'तू कधी मागितलंच नाहीस.' यावर वेगळा धागा काढेन.) साबांनी विचारलं, 'कार्यक्रम आहे का कुठे?' नाही म्हटलं. 'परीक्षा?' नाही. 'मग कशाला?' त्यांच्या आवाजात कुजकेपणा अजिबात नव्हता, खरंच कळत नव्हतं त्यांना. आणि मला उत्तर आलं नाही. व्रताची युक्ती तोंडावर आली होती, मी गिळली. खोटं बोलून मिळालेला गुरुवार मार्गशीर्षाबरोबरच संपेल असं वाटलं. म्हटलं, 'नुसतं गायला.' त्या 'हं' म्हणाल्या. अजून 'हं'वरच आहेत.

वार मात्र गुरुवारच धरला. संध्याकाळी सात ते आठ.

पहिला गुरुवार. दार आतून लावलं, ॲप सुरू केलं, काळी चार. सात वाजून चार मिनिटांनी दारावर धडाधड. मुलगा. 'आईऽ उघडऽ.' मी डोळे मिटले. नवरा त्याला समजावतोय, तो पाय आपटतोय, साबा म्हणतायत 'अगं उघड ना एकदा.' अकरा मिनिटं हे चाललं, घड्याळात बघत होते म्हणून माहीत. माझ्या पोटात अक्षरशः पीळ पडला होता. उघडलं नाही. शेवटी नवऱ्याने त्याला खाली पार्किंगमध्ये स्कूटर मोजायला नेलं. एकदम शांत झालं घर, आणि त्या शांततेत मला गाताच येईना. दहा मिनिटं नुसती रडले. उरलेल्या वेळात फक्त सा. यमन नाही, काही नाही. नुसता सा, श्वास सुटेपर्यंत, परत सा.

दुसऱ्या गुरुवारी दारावर चार मिनिटं. तिसऱ्याला तो स्वतःच चपला घालून 'कूटर' म्हणत नवऱ्याचा हात ओढत होता. लेकीने मात्र विचारलं, 'तू आत आमच्यावर रागावून बसतेस का?' तिला आत घेतलं नाही, पण बुधवारी रात्री तिच्यासमोर दहा मिनिटं गायले, म्हणजे तिला कळावं आत काय चालतं. ती म्हणाली बोअर आहे.

---

आजीचा_चष्मा

उघडलं नाहीस ते बरं केलंस पोरी. मलाही पोटात पीळ पडला वाचताना.

---

वऱ्हाडी_ठेचा

मी रविवार सकाळ धरली. जलरंग खाली काढले. ट्यूब सगळ्या दगड झाल्या होत्या, फाडून गरम पाण्यात भिजवल्या. पहिला वॉश घाण झाला. पण माझ्या चुकीने घाण झाला, कुणी बोलावलं म्हणून नाही! वहीही चालूच आहे, शिट्ट्या काही थांबत नाहीत.

---

तिरकस_वाचक

मावशींच्या भजनाचं रेकॉर्डिंग मिळेल का? खरंच विचारतोय.

---

खर्जाची_तार

@तिरकस_वाचक, विचारलं. म्हणाल्या, 'एकादशीला देवळात या, तिथंच ऐका, मोबाइलात नको.' पत्ता विपूत (खाजगी निरोपात) देते.

आणि सगळ्यांना एक विनंती. मिरजेहून फोन आला, जवारी झाली, तारा चढल्या. भावाची गाडी गॅरेजला आहे आणि तंबोरा पार्सलने पाठवायची माझी छाती नाही. येत्या पंधरा दिवसांत सांगली-मिरजेहून पुण्याला कुणी मागची सीट रिकामी घेऊन येणार असेल तर विपू करा किंवा फोन करा. डिझेलचा खर्च आणि घरचे कडबोळे माझ्याकडून. केव्हाही करा, फक्त गुरुवारी सात ते आठ नको.